प्रयोग मोठा होताना काय गळतं?



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात, उपकेंद्रावरच्या नर्सबाई म्हणून झाली. त्यामुळे विषय ठरवायला मला वेळ लागला नाही. बाळ जन्मल्यापासून सव्वा वर्षाचं होईपर्यंत त्याच्या घरी कोण जातं, काय घेऊन जातं आणि परत येऊन कोणाला काय सांगतं, हा आजचा विषय आहे. त्यातही एक नेमका प्रश्न मला तुमच्यापुढे ठेवायचा आहे. या कामासाठी तयार केलेल्या माणसांचा प्रयोग एका ठिकाणी यशस्वी झाला की सरकार तो सगळीकडे नेतं. नेताना त्यातलं काय सोबत जातं आणि काय मागे राहतं?

उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ साली नवजात बाळांवरचा एक अभ्यास सुरू केला. तोवर या संस्थेने मुलांच्या न्यूमोनियावर बरंच काम केलेलं होतं. गावातल्या माणसाला बाळाचे श्वास मोजायला आणि गोळी द्यायला शिकवलं तर न्यूमोनियाचे मृत्यू कमी होतात, हे त्या कामातून दिसलं होतं. ज्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी यांचं एक साधन बनवलं होतं. मिनिटभर वाळू पडेपर्यंत दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. अक्षरओळख नसलेली बाई निदान करू शकते, हे आधी पटल्याशिवाय असं साधन कोणाला सुचत नाही.

न्यूमोनिया आवाक्यात आल्यावर उरलेले बहुतेक मृत्यू पहिल्या महिन्यातले आहेत, असं दिसलं. त्या वयाच्या बाळांपर्यंत कोणी पोचतच नव्हतं. बाळंतपणं बहुतेक घरीच व्हायची. बाळ-बाळंतीण अंधाऱ्या खोलीत, बाहेरच्याला आत मज्जाव, आणि बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार पडलं तरी त्याला उचलून दवाखान्यात न्यायची रीत नव्हती. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांवर घरी जाऊन नीट नजर ठेवली गेली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. प्रत्यक्ष रुग्णालयात पोचलेली बाळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

मग पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या, त्याच गावात राहणाऱ्या बायका निवडून त्यांना शिकवलं गेलं. त्यांना आरोग्यदूत म्हणत. दाईच्या जोडीने बाळंतपणाला हजर राहायचं, बाळ रडलं नाही तर त्याला श्वास द्यायचा, वजन करायचं, ऊब द्यायची, पहिल्या महिन्यात ठरलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा घरी जायचं. दुसऱ्या वर्षापासून जंतुदोषाची ठरावीक लक्षणं दिसली आणि आईबाप दवाखान्यात न्यायला तयार नसले तर त्यांच्या संमतीने घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. ३९ गावांत हे काम झालं, ४७ गावं तुलनेसाठी होती. प्रयोगाच्या गावांत सुरुवातीला हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत होती. १९९७-९८ मध्ये तो आकडा २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो साठाच्या आसपासच राहिला. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला.

इथून विस्ताराची गोष्ट सुरू होते. ‘अंकुर’ या नावाने महाराष्ट्रातल्या सात ठिकाणी सात स्वयंसेवी संस्थांनी २००१ ते २००५ या काळात हेच काम केलं. त्यात शहरी वस्त्याही होत्या. तिथेही नवजात मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने पाच राज्यांत ते तपासलं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने नवजात बाळाच्या घरभेटींची शिफारस केली. २०११ मध्ये केंद्र सरकारने देशभरातल्या आशांना, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांना, हे काम दिलं. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवशी आणखी एक. २०१८ पासून त्यापुढे तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांच्या पाच भेटी जोडल्या गेल्या. सुरुवात आकांक्षित जिल्ह्यांतून झाली. आपल्याकडचे गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे जिल्हे त्यात होते.

३९ गावांतला प्रयोग १५-२० वर्षांत अख्ख्या देशाचा कार्यक्रम झाला, ही साधी गोष्ट नाही. सार्वजनिक आरोग्यात असं फार क्वचित घडतं, आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. म्हणूनच त्यातून काय गळलं हे बोलायला हवं.

आधी एक जुना दाखला देते. १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातल्या, बऱ्याचशा निरक्षर आणि दलित, बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं होतं. त्या काळात देशात असे काही प्रयोग चालू होते. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने गावोगावी आरोग्यरक्षक नेमण्याची योजना आणली. तीन महिने प्रशिक्षण आणि महिना ५० रुपये मानधन. निवड गावाने करायची, म्हणजे प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी सरपंचाने आणि गावातल्या वजनदार माणसांनी. निवडले गेले ते बहुतांश पुरुष. बाळंतिणीच्या खोलीत ज्यांना कोणी घेणार नाही अशांना मातामुलांचं काम दिलं गेलं. पुढे योजनेचं नाव दोनदा बदललं, पैसा आटला, औषधं येईनाशी झाली आणि योजना विरून गेली. जामखेडमध्ये दर आठवड्याला सेविका एकत्र जमत, मागच्या आठवड्यातल्या रुग्णांबद्दल बोलत, नवं काही शिकून परत जात. सरकारी योजनेने ‘गावातला एक माणूस’ एवढंच उचललं. ते साप्ताहिक जमणं योजनेच्या कागदात कुठेच नव्हतं.

आशा योजना २००५ मध्ये आली तेव्हा यातले बरेच धडे घेतलेले होते. छत्तीसगडच्या मितानिन कार्यक्रमाचा अनुभवही ताजा होता. आशा ही बाईच असेल, त्याच गावची असेल, हजार लोकसंख्येमागे एक असेल, असं ठरलं. गडचिरोलीच्या ३९ गावांची लोकसंख्याही साधारण ३९ हजारच होती. म्हणजे माणसांचं प्रमाण प्रयोगात होतं तेवढंच ठेवलं गेलं. त्यामुळे फरक कुठे पडला ते नेमकं शोधता येतं.

सगळ्यात मोठा फरक देखरेखीत पडला. गडचिरोलीत दर पंधरवड्याला पर्यवेक्षक गावात यायचा, डॉक्टरही नोंदी तपासायला यायचे. येऊन करायचे काय? आरोग्यदूताने बाळाचं जे वजन लिहिलं ते पुन्हा करून बघायचं. श्वास तिने मोजले, आपणही मोजायचे. चुकलं तर त्याच घरात, त्याच बाळापाशी बसून पुन्हा शिकवायचं. महिन्याला दोन-तीन जन्म होणाऱ्या गावात एकटी काम करणारी बाई अशा सोबतीशिवाय हात बसलेला ठेवू शकत नाही. जन्मल्यावर न रडणारं बाळ तिला वर्षभरात एखादंच भेटतं. त्या क्षणी बॅग-मास्क कसा धरायचा, हे वर्षापूर्वीच्या वर्गातून आठवणार नाही.

आशांसाठी गटप्रवर्तक आहेत, साधारण वीस आशांमागे एक. कागदावर हे प्रमाण वाईट नाही. पण गटप्रवर्तकाचा महिना कशात जातो ते बघा. अहवाल गोळा करणं, मोबदल्याची बिलं जुळवणं, ॲपवर माहिती भरून घेणं, तालुक्याच्या बैठकीला आकडे नेणं. आशेसोबत बाळाच्या घरी जाऊन तिच्या शेजारी बसण्याला यात दिवस उरत नाहीत. आणि गटप्रवर्तक स्वतः तुटपुंज्या मोबदल्यावर, स्वतःच्या गाडीत पेट्रोल घालून फिरत असते. मी आशांच्या प्रशिक्षणवर्गांत बसले आहे. शिकण्याची जिद्द तिथे भरभरून असते. सहाव्या आणि सातव्या पुस्तिकेचं वीस दिवसांचं प्रशिक्षण चार टप्प्यांत आखलं गेलं, तेही चांगलं आखलं गेलं. पण दोन टप्प्यांच्या मधल्या काळात, गावात, तिच्या हाताकडे बघणारं कोणी नसतं. प्रयोगाची अर्धी ताकद याच मधल्या काळात होती.

दुसरी गोष्ट इंजेक्शनची. देशव्यापी कार्यक्रमातून ते वगळलं गेलं. आशेने धोक्याची लक्षणं ओळखायची आणि बाळ दवाखान्यात पाठवायचं. २०१४ मध्ये एवढं मान्य झालं की पाठवणं शक्य नसेल तर नर्सबाईने, म्हणजे एएनएमने, जेंटामायसिन द्यावं. या सावधगिरीमागची कारणं मला समजतात. लाखो माणसांच्या हाती इंजेक्शन द्यायचं तर चुकांची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न खरा आहे, आणि गल्लोगल्ली सुई टोचणाऱ्या अर्धवट डॉक्टरांचा अनुभव आपल्यासमोर आहे. पण ज्या गावांसाठी हा प्रयोग जन्मला त्यांची स्थिती लक्षात घ्या. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचं गाव बाकीच्या जगापासून तुटतं, असं कित्येक पावसाळ्यांत घडलं आहे. त्याच्याही पलीकडच्या पाड्यातल्या आठ दिवसांच्या बाळाला ‘पाठवा’ म्हणणं म्हणजे त्याला काहीच न देणं. साऱ्या देशाला एकच नियम लावला की तो पुण्याजवळच्या गावाला सोयीचा ठरतो आणि ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज होती त्यांच्या वाट्याला उरत नाही. अशा तालुक्यांची यादी करून, तिथल्या निवडक आशांना जास्त शिकवून, जास्त देखरेखीखाली हा अधिकार द्यायला हवा होता. माझ्या मते तो आजही देता येईल.

आता मी ज्या मुद्द्यावर थोडी जास्त थांबणार आहे तो मोबदल्याचा आहे, आणि तो मोजणीशी जोडलेला आहे. २०११ मध्ये नवजात बाळाच्या सगळ्या भेटींचा मिळून मोबदला ठरला २५० रुपये. सहा भेटी धरल्या तर एका भेटीला चाळीसच्या आसपास. रक्कम कमी आहे हे उघड आहे. पण तिच्या अटी मला जास्त खुपतात. जन्माचं वजन लिहिलेलं हवं, जन्मनोंद हवी, लस हवी, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई आणि बाळ दोघंही सुखरूप हवीत. ही शेवटची अट जरा मनात घोळवा. बाळ नवव्या दिवशी दगावलं तर त्या आशेने तोवर केलेल्या भेटी, रात्रीबेरात्री केलेली धावपळ, रुग्णवाहिकेत आईशेजारी बसून केलेला प्रवास, सगळं बिनमोबदला. जिथे मृत्यू झाला तिथेच तिने सर्वांत जास्त काम केलेलं असण्याची शक्यता असते.

याहून गंभीर परिणाम नोंदीवर होतो. या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या अनेक संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला होता. सरकारी नोंदीत दिसणाऱ्या बालमृत्यूंपेक्षा खरे मृत्यू किती तरी जास्त आहेत, हे त्यातून समोर आलं. त्यानंतर शासनाने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. मृत्यू लपवावेत असं कोणाला मनातून वाटत नसतं. पण मृत्यूची नोंद केली की चौकशी, नोटीस, बैठकीत उभं राहून बोलणी खाणं, आणि न केली तर काहीच नाही, अशी व्यवस्था असली की नोंद आपोआप गळत जाते. उपजत मृत्यू म्हणून लिहिलं की बाळाच्या मृत्यूचा आकडा टळतो. गडचिरोलीच्या प्रयोगात याच्या उलट काळजी घेतली होती. सुटलेले जन्म-मृत्यू सापडावेत म्हणून पर्यवेक्षक दर सहा महिन्यांनी घरोघर जाऊन पुन्हा विचारत. मृत्यू सापडला की तो का झाला ते आईशी बोलून समजून घेतलं जाई. तिथे मृत्यूची नोंद करणाऱ्या बाईचं काहीही बुडत नव्हतं. ६२ वरून २५.५ या आकड्यावर जगाने विश्वास ठेवला तो यामुळे. मोबदला बाळाच्या जगण्यावर टांगला की आकडेही बिघडतात आणि ज्या घरात मृत्यू झाला तिथे पुन्हा जाण्याची वाटही बंद होते. खरं तर पुढच्या बाळंतपणासाठी त्याच घरात आधी जायला हवं.

पैशाचा विषय निघालाच आहे तर ब्राझीलकडे बघू या. तिथल्या सिआरा राज्यात १९८७ च्या दुष्काळात दुष्काळी कामांच्या पैशातून हजारो बायकांना घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविका म्हणून कामाला लावलं गेलं. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात बायका खडी फोडत होत्या, म्हणून मला या कल्पनेचं फार अप्रूप वाटतं. दुष्काळ संपल्यावर राज्याने ते काम चालू ठेवलं. निवड स्थानिक पुढाऱ्यांकडे दिली नाही. राज्याची माणसं गावात जाऊन मुलाखती घेत. सेविकांनी निवडणुकीचा प्रचार करायचा नाही, असा कडक नियम होता, आणि ज्यांची निवड झाली नाही त्यांनाच त्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. वर प्रशिक्षित परिचारिका, हाती किमान वेतन. १९९१ मध्ये हा कार्यक्रम देशभर गेला. पुढे या सेविकांचा दर्जा राज्यघटनेतच नोंदला गेला आणि २०२२ च्या घटनादुरुस्तीने त्यांचा पगार किमान वेतनाच्या दुपटीहून कमी असू नये असं ठरलं. त्याच २०२२ मध्ये आपल्या आशांना जागतिक आरोग्य संघटनेचा जागतिक पुरस्कार मिळाला. तेव्हाही त्या कर्मचारी नव्हत्या, स्वयंसेविका होत्या. २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक आझाद मैदानावर बसल्या, तेव्हा त्यांच्या मागण्यांना काही जण आरोग्यसेवेत अडथळा म्हणाले. मला ती आरोग्यसेवेची मागणी वाटते. काम कायमचं आहे, गरज कायमची आहे. माणूस तेवढा तात्पुरता ठेवायचा, हे पटण्यासारखं नाही.

कामाच्या ओझ्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते सर्वांना दिसतं. गडचिरोलीतल्या आरोग्यदूताकडे मोजकी कामं होती. आशेकडे क्षयरोगाचं सर्वेक्षण, कुष्ठरोगाचं सर्वेक्षण, रक्तदाब-मधुमेहाचे अर्ज, निरनिराळी कार्डं आहेत. २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत तिनेच घरोघर फिरून ताप आणि ऑक्सिजन मोजला. प्रत्येक विभागाला गावात पोचायला तीच एक वाट दिसते. सर्वेक्षणाला तारीख असते, वरून फोन येतो. एकविसाव्या दिवसाच्या भेटीसाठी कोणी फोन करत नाही.

एवढं सगळं असूनही चित्र सुधारलं आहे. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रात हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ११ होते, देशात २०. याचं श्रेय एकट्या घरभेटींना देणं बरोबर नाही. बाळंतपणं रुग्णालयात होऊ लागली, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातलं ते प्रमाण ९४.७ टक्के होतं. १०८ ची गाडी आली, जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांचे विशेष कक्ष आले, मुली जास्त शिकल्या. पण या बदलामुळे घरभेटीची गरज संपली नाही. बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी येते. कमी वजनाचं बाळ विशेष कक्षातून घरी आलं की पुढचे आठवडे त्याला जपायचं कसं, हे आईला तिच्या घरातच शिकवावं लागतं. दवाखान्यातल्या गर्दीत कोणी तिच्याशी तेवढं बोलत नाही.

म्हणून तीन ते पंधरा महिन्यांच्या भेटींचा विस्तार मला फार महत्त्वाचा वाटतो. या वयात मृत्यू कमी होतात, पण मूल खुरटतं ते याच काळात. सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू झालं का, ते घट्ट आहे की नुसतं डाळीचं पाणी, लोहाचं औषध मिळतं का, बाळ आवाजाकडे वळतं का, कोणी त्याच्याशी बोलतं-खेळतं का. हे विचारायला आणि दाखवायला अर्धा तास निवांत बसावं लागतं. आणि इथे विस्ताराची आणखी एक अडचण उभी राहते: बाळ एका जागी राहत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी. नोंद सासरच्या गावात, बाळ माहेरच्या गावात. सव्वा महिन्याने आई परत येते, म्हणजे पहिल्या टप्प्यातल्या जवळपास सगळ्या भेटींचा काळ माहेरी गेलेला असतो. दोन्हीकडच्या आशांपैकी भेटी कोणी दिल्या आणि मोबदला कोणाचा, हे अनेकदा त्या दोघी फोनवर आपसांत मिटवतात. त्यांच्या समंजसपणावर व्यवस्था चालते. पण बीड, जालना, अहिल्यानगर या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं काय? दिवाळीच्या आसपास कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, निघतो आणि उन्हाळ्यात परततो. चार महिन्यांचं बाळ पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडाच्या कडेला, खोपीत वाढतं. आई पहाटे फडात जाते. बाळ मोठ्या बहिणीकडे, तीही सात-आठ वर्षांची. गावातल्या रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे ‘स्थलांतरित’ एवढा एकच शब्द पडतो. सहा महिन्यांची भेट, नऊ महिन्यांची भेट आणि गोवराची लस, तिन्ही याच काळात येतात. कारखान्याजवळच्या गावातल्या आशेच्या यादीत हे बाळ नसतं, कारण ते तिच्या हजार माणसांत मोजलेलं नाही.

माझी सूचना फार मोठी नाही. भेटींचा मोबदला प्रत्येक भेटीला स्वतंत्र द्यावा, म्हणजे बाळ ज्या गावात असेल तिथली आशा ती भेट देईल. बाळ दगावलं तरी दिलेल्या भेटींचे पैसे मिळावेत, आणि मृत्यूची नोंद केल्याबद्दल तिला कोणी जाब विचारू नये. गटप्रवर्तकाच्या महिन्यातले ठरावीक दिवस फक्त घरभेटींसाठी राखावेत, त्या दिवशी तिला एकाही बैठकीला बोलावू नये. आणि ऊसतोड कुटुंबांसाठी सुरुवात दोनच जिल्ह्यांपासून करावी: कोयता जिथून निघतो तो एक आणि जिथे पोचतो तो एक. दोन्ही जिल्हा आरोग्य अधिकारी, त्या कारखान्यांचे शेतकी अधिकारी आणि दोन्हीकडच्या आशा यांना एका बैठकीत बसवावं, पंधरा महिन्यांच्या आतल्या बाळांची टोळीनिहाय यादी करावी आणि ती पुढच्या गावातल्या आशेच्या हाती द्यावी. मुकादमांकडे उचल दिलेल्या जोड्यांची यादी असतेच. त्या यादीत बाळांचा एक रकाना वाढवायचा आहे. मात्र ही बैठक दसऱ्याच्या आत व्हायला हवी, कारण त्यानंतर गाड्या भरायला लागतात.